एकदाच ओढायचं

आमच्या कंपनीत नवी मुलगी कामाला आली की पहिल्या दिवशी तिला तीन शब्द शिकवतात. ढकल, ऐक, ओढ. चाकणला आमची कंपनी गाड्यांचं वायरिंग बनवते. गाडीच्या पोटात रंगीत वायरींचा जो भारा असतो, तो आम्ही बायका मोठ्या फळ्यांवर मांडून बांधतो. वायरींच्या टोकांना प्लास्टिकचे कनेक्टर असतात. वायर कनेक्टरमध्ये ढकलायची, आत 'टक्' वाजलं का ते ऐकायचं, आणि नीट बसली ना याची खात्री म्हणून हलकेच ओढून बघायची. मी शेवटच्या टेबलावर असते. शेवटच्या काही वायरी मी बसवते आणि भारा पुढे सोडते. त्यावर माझ्या टेबलाचा शिक्का पडतो.

इतकी वर्षं हेच केल्यामुळे ओढून बघायची सवय हातात मुरलीय. घरातून निघताना कुलूप ओढते, जिना उतरते, परत वर जाऊन पुन्हा ओढते. गॅसचा खटका बंद असला तरी बंद करते. नवरा म्हणायचा, "ओढून ओढून कुलूप तूच तोडायलीस बघ. चोराला काही कामच नाही ठेवलंस." आम्ही मूळचे लातूरकडचे, थेरगावात येऊन जन्म गेला, पण त्याच्या बोलण्यातलं गाव काही गेलं नाही. घरात मी त्याला 'अहो' म्हणते. लिहिताना 'तो' लिहितेय, त्याची हरकत नाही, विचारून घेतलंय.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका रविवारी सकाळी तो आंघोळीला गेला. आंघोळ करताना तो गायचा. कुठलंही गाणं, अर्धंमुर्धं, आणि चाल सगळ्यांना एकच. मी पोळ्या लाटत होते. गाणं मध्येच थांबलं. बादली पडली. मग असा आवाज यायला लागला जो मी कधी ऐकला नव्हता. टाच फरशीवर एकसारखी आपटत होती.

दार आतून बंद. मी हाका मारल्या, दार ढकललं, खांद्याने धडका दिल्या. आतली कडी पक्की होती, त्यानेच बसवलेली, कशाला हलतेय? मी जिन्यात येऊन ओरडले. खालच्या गॅरेजचा मिस्त्री टायर खोलायची टॉमी घेऊन तसाच काळ्या हातांनी वर धावला. "भाभी, हटो जरा, बाजूला व्हा," म्हणाला आणि त्याने दार चौकटीतून उचकटलं. नवरा नळाखाली पडला होता, कपाळ फुटलेलं, तोंडाला फेस. शेजारच्या काकू कांदा फोडून घेऊन आल्या. मागून कोणीतरी चप्पल हुंगवा म्हणत होतं. मला त्या सगळ्यांना जिन्यावरून खाली ढकलून द्यावंसं वाटलं, मिस्त्री सोडून.

फिट होती. सगळ्या तपासण्या झाल्या, डोक्यात वाईट काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा येईलही, कदाचित कधीच येणार नाही. गोळी चुकवायची नाही, गाडी चालवायची नाही, मशिनवर काम नको. काळजी घ्या, पण काळजी करू नका." हे वाक्य डॉक्टरांना शिकवताना पुढचा धडा शिकवायचा राहून गेला असावा.

तो भोसरीच्या एका लहान वर्कशॉपमध्ये लेथ मशिनवर होता. मालक भला माणूस. त्याने काढून टाकलं नाही, लेथवरून उठवून स्टोअरमध्ये बसवलं. ज्याच्या हाताखाली कितीतरी जण लेथ शिकले तो आता त्यांनाच नट-बोल्ट काढून देत होता. मोटारसायकल जिन्याखाली उभी राहिली आणि तो बसने जायला लागला. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट रुतून बसली होती, ती म्हणजे कडी.

मिस्त्रीने दार परत बसवून दिलं, कडीसकट. मी त्याला म्हणाले, "अहो, दार नुसतं लोटून घेत जा. कडी लावू नका." तो हो म्हणायचा आणि सवयीने लावायचा. आतून कडी सरकल्याचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून दाराशी जायची. मग एक दिवस तो कामावर गेल्यावर मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कडी काढून टाकली. संध्याकाळी तो हातपाय धुवायला गेला. दारावरची भोकं त्याला दिसली असणार. बाहेर येऊन त्याने चहा मागितला, बस.

दुसऱ्या दिवसापासून तो भरलेली बादली दाराला टेकवून आंघोळ करायला लागला. आणि मी बाहेर उभी. "आहात ना?" मी विचारायची. आतून "हं" यायचं. पाण्याचा आवाज जरा थांबला की पुन्हा, "आहात ना?" पुन्हा "हं." गाणं बंद झालं. गाता गाता 'हं' कसं म्हणणार?

काही दिवसांनी त्याने वर्कशॉपमधून स्वतः एक कडी बनवून आणली. आतून लावायची, पण बाहेरच्या बाजूला खाच होती. खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून फिरवला की बाहेरून उघडायची. घासूनपुसून चकचकीत केलेली. त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी त्याच्या तोंडावर कामाचं तेज होतं.

"आणि स्क्रूड्रायव्हर सापडेपर्यंत?" मी म्हणाले.

"खिळ्याला बांधून ठेवू की दाराशेजारी."

"आणि माझा हात थरथरला तर? खाच सापडलीच नाही तर?"

त्याने ती कडी कागदात गुंडाळली आणि फळीवर ठेवून दिली. माझं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. टाचेचा तो आवाज मी ऐकला होता, त्याने नाही.

कंपनीत मोबाइल आत नेता येत नाही. गेटवर लोखंडी कपाट आहे, त्यात फोन ठेवायचा, टोकन घ्यायचं. घरी काही बरंवाईट झालं तर घरचे गेटच्या फोनवर कळवतात आणि वॉचमन चालत लाइनवर येतो. त्यामुळे निळ्या गणवेशातला माणूस लाइनच्या तोंडाशी दिसला की सगळ्या बायकांचे हात थांबतात. प्रत्येकीचं कोणी ना कोणी बाहेर असतंच. तो कोणाकडे बघतोय, कोणाच्या दिशेने वळतोय, हे बघताना श्वास वरच्या वर राहतो. तो दुसरीकडे वळला की आपल्याला बरं वाटतं, आणि मग तिच्याकडे बघून लाज वाटते. शिफ्ट सुटल्यावर मी गेटवर फोन चालू करायची तेव्हा तो पेटायला लागायचा तेवढा वेळसुद्धा मला सोसायचा नाही.

अशातच कंपनीने आमच्यासाठी ताणतणावावर एक व्याख्यान ठेवलं. जेवण झाल्यावर, कँटीनमध्ये, जेव्हा सगळ्यांना डुलक्या येत असतात. पुण्याहून एक तरतरीत मुलगा आला होता. तो म्हणाला, दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीस आणि रोममध्ये स्टोइक नावाचे तत्त्वज्ञ होते. त्यांच्यात गुलामही होता आणि बादशहाही. त्याने फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढलं आणि आत एक लहान. लहान वर्तुळात आपल्या हातात असलेल्या गोष्टी, बाहेरच्यात हातात नसलेल्या. बाहेरच्या सोडून द्यायच्या. शिवाय रोज सकाळी, आज काय काय वाईट होऊ शकतं याची शांतपणे कल्पना करायची, म्हणजे ते झालंच तर माणूस कोलमडत नाही.

माझ्या शेजारची आमची लाइन लीडर खेडजवळच्या गावची, माझ्या निम्म्या वयाची. ती कानात म्हणाली, "ताई, हे तर तुमी रोजच करता. तुमालाच बोलवायचं व्हतं की फळ्याजवळ." मी हसले नाही. मी हात वर करून त्या मुलाला विचारलं, "सोडून द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं? हाताने काय करायचं ते सांगा."

तो गोंधळला. मग म्हणाला, "सरावाने जमतं, मॅडम."

मला त्याचा राग आला, पण वर्तुळं डोक्यात राहिली. दुसरं काही नव्हतंच माझ्याकडे. देव होते, पण देवांना मी आधीच फार कामं सांगून ठेवली होती. मी बसमध्ये सराव सुरू केला. आमची बस डांगे चौकातून निघते आणि तळवड्याच्या चौकात ट्रेलरांच्या रांगेत अडकते, त्यामुळे विचार करायला वेळच वेळ. फिट येणं, बाहेरचं वर्तुळ. गोळी देणं, आतलं. बसमध्ये त्याला बसायला जागा मिळणं, बाहेरचं, पण त्याला लवकर घरातून काढणं, आतलं. कडी, आतलं. त्याच्यावर लक्ष ठेवणं, आतलं. असं करत करत आतलं वर्तुळ इतकं भरलं की मला उभं राहायला त्यात जागा उरली नाही. आणि वाईटाची शांतपणे कल्पना तर मला जमलीच नाही. चाकण येईपर्यंत मी त्याच्या तेराव्याच्या जेवणापर्यंत पोहोचलेली असायची, आणि वाढप्यांवर चिडलेली.

एका दुपारी वॉचमन लाइनवर आला. हात थांबले. तो या टेबलाकडे नाही, त्या टेबलाकडे नाही, सरळ शेवटपर्यंत चालत आला. माझ्याकडे. मी उभी राहिले. त्याने तोंड उघडायच्या आधीच मी विचारलं, "कुठल्या दवाखान्यात?"

"बसमधी डबा राहिला तुमचा," तो म्हणाला आणि त्याने मागे धरलेली पिशवी पुढे केली. "ड्रायव्हरनी दिलाय."

मी खाली बसले आणि सगळ्यांसमोर हमसून रडले. वॉचमन बिचारा डबा हातात धरून तसाच उभा. लीडरने त्याला जायला सांगितलं, मला पाणी दिलं आणि विचारलं, "घरी जाता का?" मी नाही म्हणाले. घरी जाऊन काय करणार, तो तर वर्कशॉपमध्ये होता. त्या दुपारी मी काम केलं ते फार मन लावून. एकही वायर सैल जाता कामा नये, बाकी कशावर नाही तर यावर तरी माझा ताबा आहे, असं काहीतरी डोक्यात होतं. टक् वाजलं तरी मी ओढायची, मग पुन्हा ओढायची, मग जरा जोर लावून तिसऱ्यांदा. पुढेही तसंच करत राहिले. हाताला तीच सवय लागली, आणि मला वाटायचं, माझ्याएवढं काळजीपूर्वक काम लाइनवर कोणाचंच नाही.

त्यानंतर एका रविवारी वर्कशॉपमधला त्याचा एक मित्र घरी आला. चहा झाला, गप्पा झाल्या, आणि त्याला बाथरूमला जायचं होतं. तो आत गेला आणि लगेच दार किलकिलं करून म्हणाला, "काय राव, आतून लागत नाही का हे?"

मी ताटली पुसत होते, ती पुसतच राहिले.

"गंजली होती कडी," नवरा म्हणाला. "मीच काढली. नवीन बसवायची राहून गेली बघा."

"लेथवाल्याच्या घरात कडी नाही, भावा," मित्र आतून हसत म्हणाला, आणि नवराही हसला. त्याच्या डोक्यावरच्या फळीवर ती कागदात गुंडाळलेली कडी होती.

मला रडू आलं नाही, राग आला, आणि तोही त्याचा. माझ्यावर ओरडला असता तर मी भांडले असते, टाचेचा आवाज सांगितला असता, जिंकलेही असते. पण तो खोटं बोलून मला पाठीशी घालत होता. मित्र गेल्यावर मी विचारलं, "माझं नाव का नाही सांगितलं?" तो टीव्ही बघत म्हणाला, "काय सांगायचं त्यात?"

आणि मग तक्रार आली. ज्या कंपनीला आमचा माल जातो तिथे गाडी जोडताना कनेक्टरमधून वायर निसटली होती. एक नाही, काही भाऱ्यांमध्ये. शिक्का बघितला, तर माझं टेबल. मी म्हणाले, शक्यच नाही. मी एकेक वायर ओढून बघते. लीडरने मला भिंगाखाली तो कनेक्टर दाखवला. वायर धरून ठेवायला आत प्लास्टिकची एक बारीक जीभ असते. ती पांढरी पडली होती, पुन्हापुन्हा दुमडलेल्या कागदाची घडी विरते तशी.

"ताई, किती डाव वढता तुमी?" तिने विचारलं.

"नीट बसलीय ना बघायला..."

"एकदाच वढायचं असतंय. टक् वाजलं, एकदा वढलं, की सोडायचं. परत परत वढलं की आतली जीभ सैल व्हती. बसल्याली वायर तुमीच काढताय, ताई."

ती रागावून बोलली नाही, समजावत होती, आणि ते जास्त लागलं. मला पुन्हा शिकायला पाठवलं, नव्या मुलींबरोबर. इतक्या वर्षांनंतर मी त्या खोलीत स्टुलावर बसून ढकल, ऐक, ओढ म्हणत होते. एकदा ओढायचं आणि हात उचलून मांडीवर ठेवायचा, हे तिथे करून दाखवावं लागतं. पहिल्या दिवशी माझा हात मांडीवर राहीना. लहान पोर दुकानातल्या बरणीकडे जातं तसा तो पुन्हा पुन्हा टेबलाकडे जायचा. शेजारची मुलगी फिदीफिदी हसली. मी तिच्याकडे असं बघितलं की तिचं हसू गेलं, पण हात काही ऐकेना.

त्या व्याख्यान देणाऱ्या मुलाला मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर मला तिथे मिळालं. सोडून द्यायचं म्हणजे हाताने काय करायचं, तर मांडीवर ठेवायचा. एवढंच. आणि ते भयंकर अवघड आहे, हे त्याने सांगायला हवं होतं.

घरी येताना बस तळवड्याला अडकली तेव्हा मी पुन्हा वर्तुळं काढायला बसले. कडीपाशी आले आणि अडले. मी ती आतल्या वर्तुळात टाकली होती, कारण स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात होता. पण ती माझ्या वर्तुळातली नव्हतीच. दाराच्या आत तो असतो, उघडा, भिजलेला, एकटा. कडी त्याची होती. मी रोज सकाळी दाराबाहेर उभी राहून त्याला ओढून बघत होते. बसलाय ना, बसलाय ना. आणि तो सैल होत चालला होता. मला एकदम त्याची स्टोअरमधली खुर्ची दिसली, तो मित्राबरोबर हसला ते दिसलं. बसमध्ये मला दरदरून घाम आला. फिटच्या भीतीपेक्षा ही भीती वेगळी होती आणि तिच्याबद्दल कुठल्याच डॉक्टरने काही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मी फळीवरून पुडकं काढलं. तो बघत होता. मी त्याला स्क्रूड्रायव्हर दिला नाही, मीच कडी बसवली. जुन्या भोकांवर ती नीट येत नव्हती, एक स्क्रू वाकडा गेला. तो म्हणाला, "दे इकडं." मी म्हणाले, "राहू द्या." दाराशेजारी खिळा ठोकला आणि स्क्रूड्रायव्हर सुतळीने त्याला बांधला. मग मी बाहेर उभी राहून डोळे मिटून खाच शोधली, हात मुद्दाम थरथरवून. सापडली. त्याने ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आंघोळीला गेला. मी पोळ्या लाटत होते. दार लागलं. क्षणभर काहीच नाही. मग कडी सरकली, टक्. इतका स्वच्छ आवाज मी कंपनीतसुद्धा ऐकला नसेल.

माझे पाय दाराकडे निघाले. मी ओट्याला धरून उभी राहिले. पाण्याचा आवाज सुरू झाला. मी पोळी तव्यावर टाकली. पाण्याचा आवाज थांबला. एरवी मी इथे विचारायची. तोंड उघडलं होतं, मी ते मिटलं. पिठाचे हात पोटाशी धरले. आत शांतता. टाच नाही, बादली नाही, काही नाही. पोळी करपायला लागली आणि मी ती उलटली नाही. सुतळीला बांधलेला स्क्रूड्रायव्हर मला ओट्यापासून दिसत होता. एवढी भीती मला दार मोडलं त्या दिवशीही वाटली नव्हती, कारण त्या दिवशी करायला काहीतरी होतं.

शांतता लांबत गेली. मग आतून त्याचा आवाज आला. एवढ्या महिन्यांत मला वाटत होतं की भीती फक्त दाराच्या बाहेर उभी असते.

"अगं," तो म्हणाला, जरा घाईने, "आहेस ना?"

"आहे," मी म्हणाले. एकदाच म्हणाले, आणि पोळी उलटली.